कुंडलिकेचे पाणी आणि राज्याचे वीजधोरण

सरकारी धोरण म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे कागदांची एक जाडजूड चळत उभी राहते. त्या कागदांत मोठमोठे आकडे असतात, दूरदूरची साले असतात. पण वाचून संपल्यावर आपल्या माजघरातल्या दिव्याशी या साऱ्याचा संबंध काय, ते मात्र उमगत नाही. स्वच्छ ऊर्जेच्या धोरणाचेही असेच झाले आहे. या लेखात त्या आकड्यांचा अर्थ लावून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी आपल्याला दूर कोठे जाण्याचे कारण नाही. वरसे आणि रोहे या गावांच्या अंगाने वाहणारी कुंडलिका या विषयातली पुष्कळशी गोष्ट आपल्याला सांगू शकते.

कोकणातल्या नद्यांचा स्वभाव आपण जाणतोच. पावसाळ्यात त्या दुथडी भरून धावतात आणि फाल्गुन-चैत्रात त्यांच्या पात्रात गोटे उघडे पडतात. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडजवळ सकाळच्या वेळी हौशी मंडळी रबरी नावांतून हिच्या वेगवान पाण्यात उतरतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून उन्हाळी भातशेतीला पाणी मिळते. हे पाणी येते कोठून? ते नदीचे स्वतःचे नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी येथे मुळा नदीला धरण घातलेले आहे. मूळचे भीमेकडे आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे निघालेले ते पाणी डोंगरातून बोगद्याने व नळांनी पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली, भिरा येथे सोडले जाते. तेथे ते चक्रे फिरवून वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेच्या स्वाधीन होते. टाटांच्या जलविद्युत केंद्रांपैकी खोपोलीचे १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. तिन्ही आपल्या रायगड जिल्ह्यात आहेत. भिऱ्याहून सुटलेल्या त्याच पाण्यावर पुढे राज्याच्या मालकीचे ८० मेगावॅटचे आणखी एक केंद्र चालते. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला आहे. पण मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराऐवजी घाटावरच्या पावसावर चालू लागल्या, त्याला शंभर वर्षे होऊन गेली.

येथे एक साधा हिशेब करू. हजार लिटर पाणी ५०० मीटर उंचीवरून खाली आणले, तर वाटेतली तूट वजा जाता त्यातून सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर भरून पाणी घाट उतरून आले, की बारा युनिट वीज पदरात पडते. मध्यम कुटुंबाची दोन-तीन दिवसांची ती गरज. हा बारा युनिटांचा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

परंतु या पाण्याची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुळशीच्या जलाशयाखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावे यायची होती. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी तेथील मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही बापटांची पदवी या लढ्यातूनच आली. लढा १९२४ पर्यंत चालला, पुढाऱ्यांना व शेतकऱ्यांना तुरुंगवास घडला, आणि अखेर धरण झाले. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या अशा पुण्यातल्या सावकारांना मोबदल्यात रस होता. ज्यांचे हात त्या भातखाचरांत राबत होते, त्यांच्या वाट्याला विस्थापन आले. त्या विजेत कोळशाचा धूर नव्हता, ही गोष्ट खरी. तिची किंमत मात्र कोणी तरी चुकती केली होती, आणि दिवा ज्याच्या घरी लागला तो आणि किंमत ज्याने दिली तो, ही दोन वेगळी माणसे होती. आजचे कोणतेही ऊर्जाधोरण वाचताना हा धडा बाजूला ठेवून चालणार नाही.

आता मुळात धोरणाची गरज का पडली, ते पाहू. कोळसा जाळला की त्यातला कर्ब हवेतल्या प्राणवायूशी मिळून कर्बद्विप्राणिल वायू होतो. आज आपण त्याला कार्बन डाय ऑक्साइड म्हणतो. हा वायू सूर्याचा प्रकाश खाली येऊ देतो, पण तापलेल्या धरणीची उष्णता परत जाताना अडवून धरतो. गोधडी अंगावर घेतली असता जसे होते, तसाच हा प्रकार. भारतात आज जी वीज तारांतून येते तिच्या प्रत्येक युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास हा वायू हवेत जातो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ येथली मोठी केंद्रे कोळशावर चालतात, आणि महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशाचाच आहे.

याची झळ कोकणाला कशी लागते, ते निराळे सांगायला हवे काय? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, रोहे या भागांत कौले उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाडला महापूर आला आणि तळिये गावावर दरड कोसळली. एखाद्या वादळाचे किंवा दरडीचे सारे खापर कर्बवायूवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि तापलेला समुद्र वादळांना बळ देतो, थोड्या वेळात फार पाऊस पाडण्याची शक्यता वाढवतो, एवढे शास्त्रज्ञ निश्चितपणे सांगतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तेवढे पुरेसे आहे.

या संकटाला तोंड देण्यासाठी राज्याने काय काय केले? अपारंपरिक ऊर्जेच्या विकासासाठी ‘महाऊर्जा’ ही संस्था १९८५ साली स्थापन झाली. साताऱ्याच्या पठारांवर आणि धुळ्याकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साखर कारखान्यांनी उसाच्या चिपाडावर वीज तयार करून विकण्यास आरंभ केला. २००३ च्या वीज कायद्यानंतर, वितरण करणाऱ्या कंपनीने आपल्या विजेचा काही ठरावीक हिस्सा अशा स्रोतांकडूनच घ्यावा, असे बंधन नियामक आयोगांमार्फत आले. २०१५ साली राज्याने १४,४०० मेगावॅटचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात ७,५०० सौर, ५,००० पवन, १,००० चिपाडावरील आणि बाकीचे लहान जलविद्युत, शेतीतला काडीकचरा व औद्योगिक कचरा यांचे होते. २०२० च्या अखेरीस नवे धोरण आले आणि आकडा १७,००० मेगावॅटच्या पलीकडे गेला. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचे धोरण आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे धोरण आले. विजेवरच्या वाहनांसाठी २०२१ आणि २०२५ अशी दोन धोरणे झाली.

यादी मोठी आहे, यात संशय नाही. पण मेगावॅट म्हणजे काय, हे समजल्याशिवाय ती यादी पोकळ राहील. मेगावॅट ही यंत्राची ताकद. युनिट हे त्याचे काम. बैलजोडी दमदार आहे एवढ्याने नांगरट होत नाही. ती किती तास जुंपली, त्यावर नांगरट ठरते. सूर्य रात्री नसतो, सकाळी-संध्याकाळी मंद असतो. त्यामुळे एक किलोवॅटचे सौर संच दिवसाकाठी सरासरी चार युनिटे देते, म्हणजे चोवीस तासांपैकी जणू चारच तास पुऱ्या जोमाने राबते. कोळशाचे तेवढ्याच ताकदीचे यंत्र त्याच्या तीन-चारपट वीज देऊ शकते. भारताच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा हिस्सा २०२५ साली बिगरकोळसा व बिगरतेल साधनांचा झाला, ही बातमी अभिमानाचीच. तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अद्याप निम्म्याहून बराच अधिक आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिले ताकदीविषयी आहे, दुसरे कामाविषयी.

म्हणून किती मेगावॅट, या प्रश्नापेक्षा कोणत्या वेळची वीज, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दुपारी बारा वाजता सूर्य भरभरून देतो. आणि आपल्या घरी दिवे, पंखे, दूरदर्शन, मिक्सर हे सारे सुरू होते दिवेलागणीनंतर. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवता आली नाही, तर संध्याकाळी पुन्हा कोळशाच्याच दारात जावे लागते.

सौर कृषी वाहिनीची योजना आम्हाला महत्त्वाची वाटते ती याचसाठी. तिने वेळेचा प्रश्न उलट बाजूने सोडवला. देशावरच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळे. विंचूकाट्याच्या अंधारात पाणी द्यायला त्याला बांधावर जावे लागे. शेतीला लागणारी वीज दिवसा वापरता येते, किंबहुना दिवसाच हवी असते. तेव्हा शेतीच्या वाहिनीजवळच सौर केंद्र उभारावे आणि दिवसाची वीज दिवसाच पंपांना द्यावी, ही ती कल्पना. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. ३० टक्के कृषी वाहिन्या सूर्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले आणि केंद्रासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये देण्याचे ठरले. यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. मुळशीच्या तुलनेत हे पाऊल निश्चितच पुढचे आहे; मात्र भाड्याने दिलेल्या त्या जमिनीवर मोलमजुरी करणाऱ्याचे काय, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतोच.

परंतु मराठवाड्याला शोभणारी योजना रोहे तालुक्याला जशीच्या तशी शोभेल असे नाही. आपल्याकडे शेतीपंपांचा पसारा तेवढा नाही. जमिनीचे तुकडे लहान, वर डोंगरउतार. सपाट जमीन आहे ती भाताची. चार महिने आभाळ झाकलेले. कोकणाला निसर्गाने दिलेल्या सोयी दोन: घराचे छप्पर आणि सह्याद्रीची उंची.

प्रथम छपराचा विचार करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. अगदी कमी वीज वापरणाऱ्या व गरीब कुटुंबांसाठी त्यात भर घालण्याची योजना राज्याने २०२५ साली आणली. ३ किलोवॅटचे संच दिवसाला सरासरी बारा युनिटे देते. वर सांगितलेला टँकरभर पाण्याचा आकडा तो हाच! मुळशीहून दहा हजार लिटर पाणी घाट उतरून जेवढी वीज देते, तेवढी एका घराचे छप्पर दररोज देऊ शकते. आणि त्यासाठी कोणाचे भातखाचर बुडत नाही. वर्षाकाठी त्याने सुमारे तीन टन कर्बवायू वाचतो.

अडचणीही सांगायला हव्यात. आषाढ-श्रावणात ही वीज अर्ध्यावर, कधी त्याहूनही खाली येते. उन्हाळ्यातली बचत पावसाळ्यात खर्ची पडते. तारांना जोडलेले साधे संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते. त्यामुळे ‘निसर्ग’सारख्या वादळानंतर, वेगळी बॅटरी नसेल तर, छपरावर सूर्य असूनही घरात अंधारच राहील. कौलारू घरावर लोखंडी सांगाडा पक्का बसवणे खर्चाचे असते, आणि किनाऱ्याच्या वाऱ्यात तो कच्चा राहिला तर तावदाने शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडायची. तेव्हा स्वस्तात स्वस्त ठेकेदार शोधण्यापेक्षा सांगाड्याची बांधणी वाऱ्याचा जोर धरून झाली आहे की नाही, हे पाहणे शहाणपणाचे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे छप्पर त्याचे नसते, ही अडचण तर वरसे-रोहे परिसरात बरीच घरे ओळखतील. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे येथे भाडेकरू कुटुंबांची संख्या लहान नाही.

आता सह्याद्रीच्या उंचीकडे वळू. दुपारची वीज साठवायची कशी? बॅटऱ्या हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग आपल्या घराच्या गच्चीवर आहेच. दिवसा पंपाने टाकी भरावी आणि संध्याकाळी नळ सोडावा, हाच तो. उदंचन प्रकल्प म्हणजे डोंगराएवढी टाकी. घाटाखाली एक जलाशय, घाटावर एक. दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचे, दिवेलागणीला खाली सोडून वीज घ्यायची. १०० युनिटे खर्चून वर नेलेल्या पाण्यातून ७५ ते ८० युनिटे परत मिळतात. बाकीची तूट ही साठवणुकीची किंमत. हे काही अननुभूत नाही. भिऱ्याला १९९० च्या दशकात पाणी वर चढवू शकणारे १५० मेगावॅटचे यंत्र बसले, आणि घाटघर येथे राज्याचे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने टाटा कंपनीशी केलेल्या करारात आपल्या जिल्ह्यातल्या भिवपुरीला १,००० आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे प्रकल्प आहेत. आणखीही अनेक प्रकल्पांचे करार सह्याद्रीच्या रांगेसाठी झाले आहेत.

तांत्रिक दृष्टीने हा मार्ग कोकणाला अनुरूप आहे, असे आमचे मत आहे. पण येथेच मुळशीची आठवण जागी ठेवायची. वरचा आणि खालचा जलाशय कोठल्या तरी जमिनीवरच होणार. घाटात आजही कातकरी, ठाकर आणि धनगर वाड्या आहेत; त्यांतल्या कित्येकांच्या राहत्या जागेला सातबाऱ्याचा आधार नाही. ज्याच्या नावावर काही नाही, त्याला मोबदल्याच्या यादीत जागा मिळत नाही. १९२१ साली कुळांचे जे झाले, ते पुन्हा होऊ द्यायचे नसेल, तर प्रकल्पाचा कागद निघण्यापूर्वी वाडीवर ग्रामसभा झाली पाहिजे, आणि जमीन कोणाची याइतकाच तेथे राहतो कोण, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

कारखान्यांचा प्रश्न मात्र छप्पर आणि डोंगर यांनी सुटणारा नाही. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. पोलादाच्या भट्टीत कोळसा केवळ उष्णतेसाठी लागत नाही. लोहखनिजातला प्राणवायू ओढून काढण्याचे काम त्यातला कर्ब करतो. म्हणून भट्टीला सौर वीज दिली तरी तो कर्ब हटत नाही. ते काम हायड्रोजन करू शकतो आणि त्यातून कर्बवायूऐवजी पाण्याची वाफ निघते. तो हायड्रोजन स्वच्छ विजेने पाण्यापासून काढला तर त्याला हरित म्हणतात. राज्याचे २०२३ चे धोरण आहे ते यासाठी. हा हायड्रोजन अजून महाग पडतो. तेव्हा या बाबतीत धीर धरणे भाग आहे.

वाहतुकीत मात्र प्रगती नजरेला दिसते. रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे २०२२ साली संपूर्णपणे विजेवर आली आणि डिझेलचा धूर कमी झाला. एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बसही त्याच वर्षी रस्त्यावर आली. तरी येथेही वेळेचा नियम लागू आहेच. विजेवरची दुचाकी दुपारी भारली तर ती बरीचशी सूर्यावर चालते. रात्री भारली तर बरीचशी कोळशावर. दुपारच्या वापराला दरात सवलत देण्याचे जे धोरण नव्या मीटरच्या घरगुती ग्राहकांसाठी २०२५ मध्ये आले, त्यातले तत्त्व हेच.

तेव्हा वरशाच्या नागरिकाने काय करावे? सगळे सरकारने करावे, असे म्हणणे सोपे. सगळे ज्याने त्याने करावे, असे सरकारने म्हणणे त्याहूनही सोपे. आमच्या मते गावाच्या हातात असलेले काम या दोहोंच्या मधले आहे. गावाच्या पाणीपुरवठ्याचा पंप रात्रीऐवजी भर दुपारी चालवता येतो. टाकी तीच, पाणी तेच, फक्त घड्याळ बदलावे लागते. शाळा, ग्रामपंचायत, सभागृह यांची छपरे सार्वजनिक आहेत. भाडेकरूलाही त्यांचा वाटा मागता येतो. आणि ग्रामसभेत एखादा ऊर्जाप्रकल्प येईल तेव्हा तीन गोष्टी विचारता येतात: ही वीज दिवसाच्या कोणत्या वेळी मिळणार, कोणाच्या पायाखालची जमीन जाणार, आणि दिवा कोणाच्या घरी लागणार? मेगावॅटचा आकडा या तीन उत्तरांनंतर ऐकावा.

भिऱ्याच्या चक्रांतून सुटलेले पाणी आजही रोज कुंडलिकेतून आपल्या अंगणापाशी येते आणि रेवदंड्याच्या खाडीकडे निघून जाते. त्याने आपल्याला शंभर वर्षे सुपीकता दिली, उद्योग दिले, उन्हाळ्यात ओलावा दिला. ते पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी गावावरून आले आहे, ही जाणीव आपण विसरलो नाही, तर पुढच्या शंभर वर्षांची वीज स्वच्छ असेलच, आणि ती न्यायाचीही होईल.